न गळणारा कंटेनर

आमच्या बेटावरचे उंदीर केवढे होते ते सगळं सांगितलं तर तुम्ही उठून जाल, म्हणून निम्मंच सांगतो. वाटेत मांजर समोर आलं, तर बाजूला व्हायचं ते मांजर. या उंदरांनी त्या साली बाराही घरांची जाळी कुरतडली. वादळाचे चार महिने जाळी गुंडाळून घरात असायची, तेवढ्यात त्यांनी डाव साधला. कशीबशी डागडुजी करून हंगाम काढला. पण पुन्हा तसंच झालं असतं, तर नवी जाळी घ्यायची ऐपत एकाही घरात नव्हती. मग दारं ओढून घ्यायची आणि पलीकडच्या बंदरात हमालीला जायचं, एवढंच उरलं होतं.

माझी वहिनी म्हणाली, "लोखंडी कंटेनर आणू. बाराही जाळी त्यात ठेवू."

भाऊ गेल्यापासून घर तिच्याच जिवावर होतं, आणि मीही.

शेजारचा नावाडी, ज्याला आम्ही गडगड्या म्हणायचो, तो ओरडला, "समुद्राकाठी लोखंड? दोन वर्षांत भुगा होईल!"

"मग दोन वर्षं तरी बेटावर राहू," वहिनी म्हणाली.

बंदरातल्या यार्डात तिने एक कंटेनर हेरला आणि सरळ आत जाऊन उभी राहिली. "भावजी, बाहेरून दार लावा." लावलं. मग आतून ठोकलं. "छतात सात भोकं आहेत. उजेड दिसतो."

विकणारा वरमला. म्हणाला, "ती बुजवून घ्या. पण वरच्या कडेला हवेच्या फटी आहेत, त्यांना हात लावू नका. त्याला श्वास लागतो."

मी मनातल्या मनात हसलो. मी होड्यांच्या फटी बुजवणारा. मी बुजवलेली एक होडी दगडावर आपटून मधोमध फुटली, तर दोन्ही अर्धी आपापली किनाऱ्याला लागली. आणि हा मला फटींचं सांगतो!

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला तराफ्यावरून कंटेनर आला. खाली गोल ओंडके घालून बारा घरांनी तो ओढला. किनाऱ्यापासून वीस पावलांवर तो जो बसला, तो हलायलाच तयार नाही. बारा घरांतल्याच एका गवंड्याने तिथेच चार ठोकळे बांधले. पाण्याची नळी लावून चारही कोपरे एका पातळीत आणले, कारण कंटेनर तिरका बसला तर दार अडकतं. मग म्हणाला, "साखळीने खडकाला बांधू या."

"एवढं धूड कुठे पळून जाणार आहे?" मी म्हणालो.

माझं ऐकलं सगळ्यांनी.

जाळी आत गेली, दार लागलं, आणि मी काथ्या नि डांबर घेऊन बसलो. सात भोकं बुजवली. तळाच्या फटी बुजवल्या. दाराच्या रबरावरून डांबराचे तीन हात दिले. हवेच्या फटी तेवढ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघितलं की माझे हात शिवशिवायचे. शेवटी त्याही बुजवल्या. कुणाला बोललो नाही.

वादळ आलं ते दिवसाउजेडी. समुद्र वीस पावलं नव्हे, चाळीस पावलं आत आला.

"भावजी, कंटेनर हलतोय," वहिनी दारातून म्हणाली.

"वाऱ्याने असेल."

"वाऱ्याने नाही. तरंगतोय."

ठोकळ्यांवरून तो बदकासारखा उठला, एक गिरकी घेतली आणि ओहोटीबरोबर निघाला. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली होडी, आणि तिच्यात बारा घरांचं पोट होतं.

गडगड्याची होडी आम्ही तशीच लाटांत लोटली. दोरी टाकली, ती सुतासारखी तुटली. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. त्यापलीकडे तळच नाही.

"भोक पाडा," वहिनी ओरडली.

"वहिनी, आत जाळी आहेत!"

"जाळ्यांना पाण्याची भीती कधीपासून? वाळूवर बसू दे त्याला. पुढे गेला तर गेला!"

मी पहार उचलली. पहिला घाव घसरला, दुसरा घसरला. गडगड्याने आईबापाचा उद्धार केला, तेव्हा कुठे तिसरा आरपार गेला. मग मी भोकांमागून भोकं पाडत सुटलो, रडत होतो की शिव्या देत होतो ते आठवत नाही. कंटेनर जड झाला, कलला आणि वाळूवर टेकला.

आता दार. माझ्याच डांबराने ते असं धरलं होतं की पहार वाकली. नखं तुटेपर्यंत खरवडलं. एक झडप उघडली. कमरेइतक्या पाण्यात जाळी ओढायला लागलो. एक, दोन, पाच. पाणी छातीला आलं. नऊ. पायाखाली कंटेनर सरकल्याचं कळत होतं. उरलेली तीन अगदी आत, कारण ती सगळ्यांच्या आधी भरलेली: जुळ्या भावांचं, गवंड्याचं आणि आमचं. आमच्या जाळ्याची दोरी माझ्या हाताला लागली.

"सोडा, भावजी."

"वहिनी, आपलं आहे गं!"

"कुणाचं आहे ते मला माहीत आहे. सोडा!"

मी सोडलं नाही. ती आत आली, माझ्या बोटांना घासून दोरीवर सुरी चालवली आणि कॉलर धरून मला बाहेर ओढलं. आम्ही होडीची कड धरतो न धरतो, तोच कंटेनर वाळूवरून घसरला. बुडबुडे बराच वेळ येत राहिले.

चार दिवसांनी ऊन पडलं. नऊ जाळी वाळूवर पसरली होती आणि वहिनी त्यांतली फाटलेली शिवत बसली होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. माझ्याकडे तर नाहीच. घरातली भांडी कुठल्या पोत्यात भरायची, याचा हिशेब मी मनात सुरू केला होता.

गडगड्या येऊन उभा राहिला. खोकला.

"वहिनी, हंगामाला आमच्या होडीत दोन माणसं कमी पडतात. तू आणि हा... हा फटीबहाद्दर, या. गवंड्याला आणि जुळ्यांना बाकीच्यांनी घेतलंय."

त्याच्या होडीत चार मुलगे, एक जावई आणि मेव्हणा. गेल्या हंगामात धाकटा होडीच्या काठावर बसून, पाय बाहेर सोडून जायचा. हे बेटावरच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

वहिनीने मान वर केली नाही.

"माझा दोरा संपलाय," ती म्हणाली. "तेवढा आणून द्या."

आणि तो दोरा आणायला गेला.