एकही तक्रार नको

आमच्या घरात जमीनजुमला नाही, दागदागिने नाहीत. वडिलोपार्जित म्हणावा असा फक्त राग. वडिलांनी तो आम्हा दोघा भावंडांना सारखा वाटून दिला. धाकट्याने आपला वाटा शाळेपासूनच उधळला, कुणाचं नाक, कुणाचा दात. मी बाईमाणूस, तेव्हा मी माझा झाकून ठेवावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

आम्ही दोघं एकाच वर्कशॉपमध्ये. तो वेल्डर, मी पेंटर. त्याने जोडायचं, मी घासून वर लाल प्रायमर मारायचा. त्याच्या जोडातून कधी थेंब गळला नाही. मोठ्या टाक्यांची कामं मालकाला मिळायची ती त्याच्याच जिवावर. आणि नेमकं याच पठ्ठ्याला परदेशातल्या जहाजांच्या कारखान्यातून बोलावणं आलं.

बोलावणं आलं म्हणजे माणूस गेला असं नसतं. करारपत्र लागतं, कामाची चाचणी लागते, मेडिकलला डोळे ठणठणीत लागतात. आणि पोलिसांचा दाखला लागतो, की या इसमाविरुद्ध काही नाही. व्हिसाचं बघणारा एजंट म्हणाला, "दाखला हातात पडेपर्यंत कुणाला बोट लावू नकोस. एकही तक्रार नको. नोंद झाली की व्हिसा गेला, आणि तिथलं राहण्याचं परमिट तर विसरूनच जा." धाकटा माझ्याकडे बघून हसला. मला काही हसू आलं नाही, कारण मी त्याला ओळखते.

मालकही त्याला ओळखत होता. "नोटिशीचा महिना भरून जा. मधेच सोडलंस तर तीच तक्रार करीन," म्हणाला, आणि मुकादमाला मोकाट सोडलं. मुकादम म्हणजे मालकाचा मेहुणा. अंगाने कपाटाएवढा, आणि अकलेने, जाऊ द्या. खोटी तक्रार टिकत नाही, कुणाला तरी खरं लागलेलं दाखवावं लागतं, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांना धाकट्याकडून फक्त एक फटका हवा होता. मग वेल्डर जन्मभर इथेच.

पहिल्याच दिवशी मुकादमाने त्याच्या पाठीत कोपर घातलं.

"लागलं का हो, परदेशी साहेब?"

"नाही, मुकादम."

मग ते रोजचंच झालं. जाता-येता पोटरीवर लाथ, खाली वाकला की मानेवर रट्टा. एकदा तापलेला पाइप त्याच्या दंडाला टेकवला, कातडी सोलून पाइपाबरोबर गेली. धाकट्याने नळाखाली दंड धरला आणि परत येऊन जोड पुरा केला. घरी मलम लावताना रडत होते मी, तेही संतापाने.

"ताई, मी गिळतोय ना? मग तूही गीळ."

"माझं पोट भरलं आता."

"तिथे बस्तान बसलं की तुला बोलावून घेतो."

"आधी तू जा रे बाबा इथून."

महिना संपत आला तसा मुकादम घायकुतीला आला. धाकटा काही हात उचलेना, आणि मालक दोघांवर डाफरायला लागला. शेवटच्या दुपारी मुकादमाने दोन हेल्परांना त्याचे हात मागे धरायला लावले आणि त्याला गुडघ्यांवर बसवलं. आधी तोंडावर बुक्क्या घातल्या. ओठ फाटला, एक दात माझ्या प्रायमरच्या डब्यापाशी येऊन पडला. फटका मिळत नाही तर जाणंच हुकवायचं, असा त्याचा बेत होता. मग मुकादमाने वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर उचलला.

"मेडिकलला डोळे लागतात ना रे?"

त्याने लोखंडी टेबलाच्या कडेवर रॉड पेटवला आणि धाकट्याचे केस धरून तोंड त्या डोळे जाळणाऱ्या उजेडाजवळ ओढलं. "बघ! उघड डोळे!"

धाकटा किंचाळला, पण ते मला थांबवायला. "ताई, नको!"

जोडावरची खपली फोडायची हातोडी माझ्या हातात होती. ती मी मुकादमाच्या गुडघ्यावर घातली. हाड फुटल्याचं कानाला कळलं. तो कोसळला, तशी होल्डर धरलेल्या मनगटावर घातली. हेल्पर पळाले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी श्वास पोटापर्यंत गेला.

मालक केबिनमधून धावत आला. मेहुणा रक्तात लोळतोय आणि याच्या तोंडावर आनंद मावेना! त्याने लगेच पोलिसांना फोन केला. हवालदार आला.

"या वेल्डरने आमच्या मुकादमाला मारलं," मालक म्हणाला.

"मी मारलं," मी म्हटलं.

"भावाला वाचवायला खोटं बोलतेय, साहेब. हे बाईचं काम आहे का?"

हवालदाराने मुकादमाचा गुडघा पाहिला, माझे दंड पाहिले आणि हसला. मुकादमाने कण्हत कण्हत भावाकडे बोट दाखवलं. बाईने मारलं म्हणून सांगायची त्याला लाज वाटत असणार. हेल्पर दारात मान खाली घालून उभे होते. हवालदाराने पेन उघडलं आणि धाकट्याला विचारलं, "पूर्ण नाव?"

आणि हा शहाणा, मला वाचवायला, म्हणाला, "हो साहेब, मीच..."

पेन कागदाला टेकायच्या आत मी मालकाच्या जबड्यावर हातोडी मारली. जपून वगैरे मारली नाही. तो टेबलावरून पलीकडे गेला आणि हवालदाराच्या शर्टावर रक्ताचे शिंतोडे उडाले.

"आता दिसलं का कोण मारतं ते?" मी विचारलं.

हवालदाराचं हसू पार उतरलं होतं. मी हातोडी टाकली, दोन्ही हात पुढे केले. "लिहा. फक्त माझं नाव लिहा. त्याचं एक अक्षर येता कामा नये."

त्याने लिहिलं. मला गाडीकडे नेताना धाकटा मागून धावत आला. डोळे सुजून लाल झाले होते, पण वाट नीट दिसत होती त्याला, हे मी आधी पाहिलं. तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

"मी नाही जात, ताई! तुला इथे सोडून नाही जात मी!"

 मी ओरडून सांगितलं, "जायचं! नाही गेलास, तर सुटून आल्यावर पहिला तुला हाणीन!"