सपाट रेषेचे पेढे

नववीची परीक्षा संपली तशा बाकीच्या पोरी गावाला पळाल्या, आणि तहरीम शाहूपुरीतल्या जरीनाखालाच्या, म्हणजे मावशीच्या, प्रयोगशाळेत काचेबाहेर स्टूल टाकून बसली. तिच्या भावाला, खिजरला, थंडीत रक्ताचा कॅन्सर निघाला होता, तोही झपाट्यानं वाढणारा. तालमीतला गडी जिना चढताना धापा टाकायला लागला होता. केमोनंतर आता त्याला गोळी चालू होती. ती लागू पडली का, ते आज कळणार होतं. नाही पडली, तर दुसऱ्याच्या हाडातली मज्जा भरण्याचा मोठा उपचार समोर उभा होता.

खालानं तिला सगळं समजावलं होतं. पेशीच्या अंगावर एक बटण असतं, ते दाबलं की आत निरोप जातो, वाढा. खिजरच्या पेशीत ते दाबलेलंच अडकलं. कुस्ती निकाली झाली, पैलवान घरी गेले, तरी हलगीवाला बडवतोयच, असं. हा हलगीवाला म्हणजे त्या निरोपावर वाजणारा एक जीन. तो किती जोरात वाजवतोय, ते खाला मोजणार होती, कोरोनात घराघरात माहीत झालेल्या पीसीआरवरच. जीन जोरात असला की पडद्यावरची रेषा लवकर उठते, हळू असला की उशिरा.

आणि खालाची रीत तर बघा. भाच्याचा नमुना म्हणून तिनं सहकारी क्रांतीताईला सगळ्या नमुन्यांच्या नळ्यांवरची नावं काढून नुसती अक्षरं घालायला लावली होती. "डोळ्याला माया असती, तहरीम. मशीनला न्हाय," ती म्हणाली होती. तहरीमला वाटलं, आपण मोठं होऊन दुसरं काही व्हायचंच नाही.

खाला आतल्या खोलीत गेली आणि पडद्यावर रेषा उठायला लागल्या. एक उठली, दुसरी उठली, अगदी शेवटाला आणखी एक. एकच मात्र जमिनीला चिकटून सपाट. हाच आमचा खिजर! तहरीमनं अम्मीला फोन लावला. खाला बाहेर येईपर्यंत घराशेजारच्या चिमणाबाईंनी पेढे आणून गल्लीत वाटूनही टाकले होते.

खालानं पडदा बघितला, तहरीमकडं बघितलं, आणि हसू दाबत म्हणाली, "अगं, ती पाण्याची नळी हाय. पाण्यात जीन कुठनं येणार?"

प्रत्येक वेळी एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. तिचीच रेषा उठली, तर कुठंतरी घाण मिसळली म्हणायचं आणि अख्खी तपासणी टाकून द्यायची. तहरीमचा चेहरा मिरचीसारखा लाल झाला. खाला रागावली नाही, पण घरी खरं सांगायला तिलाच लावलं. अम्मी नुसतं "बरं" म्हणाली. ते फार लागलं.

मग क्रांतीताईनं अक्षरं उघडली. थंडीत घेऊन जपून ठेवलेला खिजरचा नमुना 'च', आताचा 'म'. 'च' सगळ्यांच्या आधी ताडकन उठलेला. 'म' कितीतरी वेळ खाली सरपटत शेवटाला जेमतेम डोकं वर काढणारा. तहरीम उडीच मारणार होती, पण खालानं हात धरला. आधी नमुना चांगला होता का ते बघायचं. त्यासाठी प्रत्येक पेशीत कायम सारखाच वाजणारा दुसरा एक जीन मोजलेला असतो. त्याची रेषा वेळेवर, ठणठणीत उठलेली होती.

तेव्हा कुठं खालानं चष्मा काढून डोळे पुसले.

"हलगी थांबली न्हाय अजून. पण पार वेशीबाहेर गेलीया. गोळी लागू पडली. पुढचं डॉक्टर ठरवतील."

तहरीमनं पुन्हा घरी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"ह्या टायमाला पाणी न्हाय न्हवं?" अम्मीनं विचारलं.

"न्हाय अम्मी," तहरीम म्हणाली. "ह्या टायमाला खिजरच हाय."