बिनबियांची फांदी

बळीरामचं पत्र मार्गशीर्षात आलं आणि माघ अर्धा सरला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. तो काटोलकडचा तरुण संत्रा बागाईतदार. आमची ओळख नाही. मी शहरातल्या रामदासपेठेत राहणारा, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. बियाण्यांवर गॅमा किरण सोडून शास्त्रज्ञ त्यांची जनुकं कशी बदलतात, यावर मी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला होता. तो वाचून त्याने लिहिलं होतं:

‘आमच्या एका झाडाच्या एकाच फांदीला बिनबियांची संत्री लागतात. त्या झाडाला पाणी माझी बायको पंचफुला देते. आम्हाला मूलबाळ नाही. आई भागीरथाबाई म्हणते, हिच्याच हातानं फांदी वांझ झाली. मृग बहराची फळं उतरली की वाळल्या काड्या छाटतात, तेव्हा ती फांदीही तोडायची आणि हिला माहेरी धाडायचं, असं घरात चाललं आहे. फांदी कशानं बदलली, ते कळवावं.’

कशानं बदलली? मी पुस्तकं काढली. एखाद्या डोळ्यातल्या, म्हणजे फांदी फुटते त्या अंकुरातल्या, पेशीचं जनुक आपोआप बदलतं आणि तिच्यापासून वाढलेली सगळी फांदी वेगळी निघते, हे मला ठाऊक होतं. पण इथे तेच झालं, हे झाड न पाहता कसं सांगू? थंडीनेही झालं असेल. मी मसुदे लिहीत आणि फाडत राहिलो.

परवा माझ्या पत्नीने, कांताबाईने, टेबल आवरताना ते पत्र वाचलं.

“हे काय जी? उत्तर काहून नाही देल्लं?”

“खात्री नाही. कारणं अनेक असू शकतात.”

“त्यातलं एक बाईचा हात आहे का?”

“छे! ते कसं असेल?”

“मंग तेवढं तर लिहा! तुमची खात्री होईपर्यंत ते पोरगी माहेरी जाऊन बसन.”

मी पत्र पुन्हा उचललं. तिने चष्मा पुसला.

“बी नाही म्हणून तोडतात, तर मले काहून ठेवलं जी तुम्ही, इतकी वर्षं?”

ती हसत होती. आमचंही घर दोघांचंच. मला हसता आलं नाही.

मी लिहायला बसलो.

“अन् पाकिटावर नाव त्याच्या मायचं घाला,” ती आतून म्हणाली. “तिले वाचता येत नसन, तर पोराले मोठ्यानं वाचून दाखवा लागन. सारं घर ऐकन.”

मी लिहिलं: ‘भागीरथाबाईंस नमस्कार. फांदी कशाने बदलली, ते मला नक्की सांगता येत नाही. झाड कधी कधी स्वतःच बदलतं. पण माणसाच्या हाताने पाणी घालून हे होत नाही. तसं होत असतं, तर शास्त्रज्ञांनी झाडं बदलायला एवढी यंत्रं कशाला उभारली असती? त्यांच्याही हजारो रोपांतून एखादंच कामाचं निघतं. तुमच्याकडे ते न मागता आलं असेल. फांदी तोडू नका. तिचा डोळा काढून जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम बांधून पाहा. फळं तशीच आली, तर लोक हौसेने नेतील. सुनेला दोष देऊ नका.’

पोस्टासमोर उभा राहिलो, तेव्हा वाटलं, ‘होत नाही’च्या आधी ‘बहुधा’ घालायला हवं होतं का? पण पाकीट चिकटवलेलं होतं. ते मी पेटीत टाकलं.