ढगाळ सकाळची पेंड

सांगतो त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. नाहीतर उद्यापासून तराजू फेकून द्याल. आमचा दोस्त मूठभर तळ्याच्या बांधावर आला की कार्प माशांची पिल्लं रांग लावायची. जिऱ्याहून जरा मोठी, लाखभर, पण ढकलाढकली नाही! पेंड आणि कोंडा तो मुठीनेच टाकायचा, म्हणून हे नाव. मूठ इतकी नेमकी, की काटा बिघडला तर साहेब तिच्यावरून जुळवून घ्यायचे.

"काका, मासे रांग लावतात?" जाळं धुणारी एकजण म्हणाली.

"लावायचे तर! धाकटे पुढे."

बायका खिदळल्या. फक्त मूठभरची बायको, आमची वहिनी, मान खाली घालून कोंडा चाळत होती. नवरा गेल्यावर तीन महिन्यांपूर्वीच ती इथं कामाला लागली.

"मग एवढ्या गुणी माणसाला काढलं कशाला हो?"

हे कोणीतरी विचारतंच.

"चुकला बिचारा. सकाळ ढगाळ, वारा पडलेला. पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. नवख्याला वाटतं, भुकेली आहेत. अगं, त्यांचा श्वास कोंडलेला असतो! अशा वेळी पेंडीचा कणही टाकायचा नाही, पंप लावून ताजं पाणी सोडायचं. यानं टोपलंभर ओतली. मी पलीकडच्या बांधावरून असा ओरडलो, की तीन बगळे बेशुद्ध पडले. त्यालाच तेवढं ऐकू गेलं नाही."

"अगंबाई! मग?"

"दुपारपर्यंत तळं पांढरं. पाणी दिसेना. आम्ही पिल्लं गाळून काढली, खड्डा केला. एवढी मेली, पण हाताला वजन लागेना. साहेबांनी विचारलं, हे तळं कोणाकडे? हा म्हणाला, 'माझ्याकडे.' एवढंच. त्याच दिवशी घरी बसवला. पुढं कोणी कामावर घेईना. तळं मारणारा म्हणून नाव झालं होतं. चार वर्षं खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. मी गेलो की उठून बसायचा, चहा ठेवायला सांगायचा. त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. मीच म्हणायचो, अरे, होते चूक माणसाच्या हातून."

चाळणी थांबली.

"भावोजी," वर न बघता वहिनी म्हणाली, "त्या सकाळी ते इथं नव्हतेच. माझ्या पोटात कळा येत होत्या. रजा न टाकताच मला दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत म्हणाले, तळ्याची काळजी नको, दोस्ताला सांगून आलोय. दुपारी परत आले, तेव्हा तुमचा खड्डा खणून झाला होता. पेंड तुम्ही टाकलीत."