रायडर चारशे सात

घड्याळजींचं म्हणणं अगदी साधं होतं. सायकल आपली, पाय आपले, रस्ता सगळ्यांचा. मग या तिघांची गाठ पडली एवढं कळवायला एका कंपनीला दर वर्षी पैसे कशाला भरायचे?

"फुकटातलं ॲप सांगतंच की किती फिरलीस ते," नाश्त्याच्या टेबलावर ते बायकोला म्हणाले.

"किती फिरले ते माझ्या मांड्याच सांगतात," ती म्हणाली. "मला मी कुठे आहे ते बघायचंय."

"कुठे म्हणजे? इथेच आहेस. माझ्यासमोर."

बायकोने त्यांच्याकडे अशा काही नजरेने बघितलं, की त्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

ही बाई इस्पितळाच्या धुलाई विभागातून निवृत्त झाली होती. अख्खा विभाग तिच्या हाताखाली असायचा आणि सगळे तिला 'मुकादम' म्हणायचे, तोंडावर आणि पाठीमागेही. निरोपाच्या वेळी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून पाकीट हातात दिलं ते गळ्यात काहीतरी घाला म्हणून. मुकादमबाईंनी त्यात स्वतःची भर घालून गिअरची सायकल आणली. शेजारच्या बायका हसल्या. घड्याळजीही थोडे हसले, पण आपल्या घड्याळांच्या दुकानात जाऊन.

गावाबाहेर पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक चढ होता. वळणावळणाचा, आणि शेवटी छातीवर येणारा. सायकलवाले तिथे आपली परीक्षा घ्यायचे. ॲपचा पैसे भरायचा भाग कंपनीने महिनाभर फुकट उघडून दिला होता, आणि त्यात त्या चढाची यादी दिसायची: कोण किती वेळात चढलं, बायकांत कोण, पुरुषांत कोण, कुठल्या वयाचं कोण. पंचावन्नच्या पुढच्या बायकांमध्ये 'मुकादम' हे नाव अगदी तळाशी होतं. पण होतं.

घड्याळजींना त्यात काय एवढं हे कळेना. मग एकदा तीच सहज बोलून गेली, "चादर स्वच्छ असली की कुणी विचारत नाही कुणी धुतली. डाग राहिला की फोन येतो. इतकी वर्षं मला फक्त डागांचे फोन आले."

पण वाद सोडतील तर ते घड्याळजी कसले. "ठीक आहे," ते म्हणाले, "वेळच मोजायची ना? मी मोजतो. माझ्याकडे स्टॉपवॉच आहे. त्याला वर्गणी लागत नाही."

आणि तसं सुरू झालं. सकाळी दोघं चढाच्या पायथ्याशी जायची. घड्याळजी स्कूटरवरून पुढे जाऊन टाकीच्या फाटकापाशी उभे राहायचे. तिथून फोन करायचे, "निघ." तो फोनही बायकोचाच जुना होता, सायकल घेतल्यावर तिने नवा घेतला आणि जुना यांना दिला. खाली तिचं पॅडल फिरायचं, वर यांचा काटा.

स्कूटरचंही वय झालेलं होतं. घड्याळजींचं वजन घेऊन ती चढ चढायची म्हणजे खोकत, थांबत, कण्हत. तरी ती आधी पोचायचीच. मग घड्याळजी कठड्याला टेकून खाली बघत बसायचे. निळं हेल्मेट एका वळणाला दिसायचं, झाडीत गडप व्हायचं, पुढच्या वळणाला पुन्हा उगवायचं. सुरुवातीला ती शेवटच्या टप्प्यावर उतरून सायकल ढकलत आणायची. मग एक दिवस ढकलली नाही. कडेच्या झुडपाला धरून श्वास घेतला आणि उरलेलं चढून आली. मग झुडपाचीही गरज उरली नाही.

घड्याळजींना आपल्या बायकोला इतक्या लांबून बघण्याची सवय नव्हती. घरात ती नेहमी हातभर अंतरावर असायची. एवढ्या मोठ्या डोंगरावर तो निळा ठिपका जिद्दीने वर सरकताना बघून ते कठड्यावरून आणखी पुढे वाकायचे. दुकानात गिऱ्हाईक पट्टा बदलायला आलं की ते विषय तिकडे न्यायचे. "टाकीचा चढ माहितीये ना? आमची बायको चढते. सायकलवर. न उतरता." गिऱ्हाईकाला पट्ट्याची घाई असायची, पण पट्टा घड्याळजींच्या हातात असायचा.

यादीत 'मुकादम' वर वर सरकत गेली. तळातून मधे, मधून वरच्या पाचांत, आणि एक दिवस दुसऱ्या नंबरावर. पहिल्या नंबरावर होती 'रायडर चारशे सात'. नाव नाही, फोटो नाही. आणि तिची वेळ बघून दोघांनीही तोंडात बोट घातलं. मुकादमबाईंपेक्षा कितीतरी कमी.

"पंचावन्नच्या पुढची बाई असं चढते?" घड्याळजी म्हणाले. "काय खाते काय ही?"

"चढते म्हणजे चढते. नुसती सवय असेल."

"आणि बघ, आपण जातो त्याच दिवशी येते. आज पण आलेली. आपल्या थोडं आधी."

"मग दिसली कशी नाही?"

"मी डोळ्यांत तेल घालून उभा होतो. एक म्हातारा कुत्रा आणि टाकीचा पहारेकरी, बास."

दुसऱ्या दिवशी ती दोघं अर्धा तास लवकर गेली. चारशे सातही नेमकी लवकर आली होती, आणि पुन्हा हातावर तुरी देऊन गेली होती. मुकादमबाई चरफडल्या नाहीत. त्या खालच्या मानेने घरी आल्या, दुपारी जिन्यावर वरखाली करायला लागल्या आणि रात्रीच्या जेवणातलं तळलेलं बंद केलं. दोघांचंही.

त्यातच फुकटचा महिना संपला. "संपू दे," मुकादमबाई म्हणाल्या. "तुमचं स्टॉपवॉच आहे की."

घड्याळजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "स्टॉपवॉच तुझी वेळ सांगेल. त्या बाईची कोण सांगणार? भर पैसे. वर्षभराचे भर. तिला मागे टाकल्याशिवाय सोडायचं नाही."

बायकोने पैसे लगेच भरले, नवऱ्याचं मन बदलायच्या आत.

पुढचे तीन महिने मुकादमबाईंनी जिवाचं रान केलं. गिअर कधी बदलायचा, कुठल्या वळणावर दम राखायचा, सगळं त्यांना तोंडपाठ झालं. वेळ कमी होत होती. चारशे सात मात्र हाती लागत नव्हती.

मग एका सकाळी स्कूटरने अर्ध्या चढावर राम म्हटला. घड्याळजींनी किका मारल्या, विनवण्या केल्या, शेवटी हँडल धरून ढकलत टाकीपर्यंत नेली. वर पोचले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. तरी फोन केला, "निघ."

घरी येऊन मुकादमबाईंनी यादी उघडली, चारशे सातच्या नावावर बोट दाबून तिच्या आजच्या फेरीचा नकाशा काढला आणि तो वरखाली सरकवून बघितला.

"आज चारशे सातला काय झालं कोण जाणे," त्या सावकाश म्हणाल्या. "अर्ध्यावर बराच वेळ थांबली. मग पायी चालल्यासारखी वर गेली."

"लागलं वाटतं बिचारीला," घड्याळजी म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"मोठ्या वडाखाली थांबली. तुमची स्कूटर कुठे बंद पडली म्हणालात?"

घड्याळजींचा हात आपोआप खिशाकडे गेला. बायकोने हात पुढे केला. त्यांनी खिशातून जुना फोन काढून दिला.

सगळं तिथेच होतं. सायकल आणली त्या आठवड्यात तिनेच या फोनवर पहिलं खातं काढलं होतं. नाव टाकायचं सुचलं नाही म्हणून ॲपने नुसता आकडा दिला. वय मात्र तिचंच. फोन हलला की नोंद आपोआप सुरू व्हावी अशी सोयही तिनेच केली होती. नव्या फोनवर नवं खातं काढलं आणि हे विसरून गेली. तेव्हापासून ते खातं घड्याळजींच्या खिशात बसून स्कूटरवर चढत होतं.

घड्याळजींना हसू फुटणार होतं, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

"म्हणजे इतके दिवस मी तुमच्या स्कूटरशी शर्यत लावली," ती म्हणाली.

"पुसून टाक तिला. लगेच पहिली होशील."

"पुसून पहिली?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण थकवा होता. ती उठून गॅलरीत गेली. घड्याळजी अपराध्यासारखे फोनकडे बघत बसले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ घड्याळं दुरुस्त केली होती. हे कसं दुरुस्त करायचं ते सुचेना. शेवटी ते यादी वाचायला लागले. चारशे सात सोडून बाकीची. एकेक नाव, एकेक तारीख. मग ते उठून गॅलरीत गेले.

"अगं, जरा बघ. ही तिसरी कोण आहे, 'दातवाली' म्हणून, तिला तू कधी मागे टाकलंस?"

"मागेच. दुसरी झाले तेव्हा."

"म्हणजे तेव्हाच तू पहिली होतीस. आणि पहिली असताना थांबली नाहीस. बाकीच्या सगळ्या किती खाली राहिल्यात बघ. बाईला गाठता येत नाही असं वाटून तू माणसांच्या पुढे गेलीस आणि यंत्राच्या मागे लागलीस. अजून तीन महिने तशीच लागली असतीस, तर स्कूटरलाही गाठलं असतंस. माझी खात्री आहे."

मुकादमबाईंनी फोन घेतला. यादी वरून खाली बघितली, मग खालून वर. त्यांचे खांदे हळूहळू सरळ झाले. इस्पितळात मोठा डॉक्टर विभाग बघायला यायचा तेव्हा त्या अशाच उभ्या राहायच्या.

"स्कूटरला गाठलं नसतं," त्या म्हणाल्या. "पण फार मागेही नव्हते." आणि मग त्या हसल्या, इतक्या, की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर बघितलं.

जुनं खातं पुसलं गेलं. 'मुकादम' पहिली झाली.

पंधरवडाभराने ॲपमधूनच एक निरोप आला. 'दातवाली' लिहीत होती: मी दातांची डॉक्टर आहे, तुमची वेळ रोज बघते, तुम्ही खऱ्या आहात का?

मुकादमबाईंनी उत्तर पाठवलं: रविवारी सकाळी या आणि बघा.

रविवारी दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, उंच, सडपातळ, बोलायला मोकळ्या. दोघी एकत्र निघाल्या. घड्याळजी वर कठड्याला टेकून उभे होते. पहिल्या वळणाला दोन हेल्मेटं बरोबर होती. दुसऱ्याला निळं पुढे. शेवटच्या चढाला निळं एकटंच होतं, आणि वर येताना मुकादमबाईंनी एक हात सोडून नवऱ्याला हात केला. हे त्यांनी आधी कधीच केलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई मागून धापा टाकत आल्या. पाणी प्याल्यावर त्यांनी घड्याळजींना विचारलं, "इतके दिवस मी नुसती नोंद ठेवायचे. यादी बघायचा फुकटचा महिना आत्ता घेतला, तो उद्या संपतोय. पैसे भरण्यासारखं आहे का हो हे?"

"किती फिरलात एवढंच बघायचं असेल, तर नका भरू. फुकटचं पुरतं," घड्याळजी म्हणाले. "कुणाच्या तरी मागे लागायचं असेल तर भरा."

"कुणाच्या?"

घड्याळजींनी बोट दाखवलं. मुकादमबाई सायकल वळवून उभ्या होत्या, एक पाय पॅडलवर.

"चला डॉक्टर," त्या म्हणाल्या. "खाली जाऊन पुन्हा येऊ. दुसऱ्या वळणावर तुम्ही गिअर फार उशिरा बदलता. दाखवते."