सेकंदाला एक कोटी

“कूलर बंद करा,” शिल्पा म्हणाली.

जळगावचा मे महिना. विजेचा दाब कमी, त्यामुळे एसी सकाळीच गप्प झालेला. पुण्याहून आलेल्या परीक्षक, कामिनी मॅडम, पदरानं गळा टिपत बसल्या होत्या.

“अहो शिल्पाताई, पाहुण्या बसल्यात!” हितेंद्रसर दबक्या आवाजात म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची. “कूलर बंद कशासाठी?”

“आकडा हलतोय सर.”

हलतच होता. टेबलावर एक मोहोरबंद डबी होती, मुठीत मावेल एवढी. तिच्या पोटात स्फटिकाचा ऑसिलेटर. सेकंदाला एक कोटी वेळा थरथरणारा, आणि वर दोन-अडीच ठोके जास्तीचे. ते जास्तीचे नेमके किती, हे शिल्पानं मोजायचं होतं. दुसऱ्या, मोठ्या प्रयोगशाळेनं काढलेलं उत्तर मॅडमच्या पिशवीत बंद पाकिटात होतं. दोन्ही उत्तरांत पाच शतांशांहून जास्त फरक पडला नाही, तर मोजमापाच्या दाखल्यावर सही करायचा अधिकार तिला मिळणार होता.

एकोणीस वर्षं ती मोजत होती आणि सही दुसऱ्याची होत होती. साहेब आले, साहेब गेले. तिनं पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यांखाली त्यांनी शाईनं नावं लिहिली. आज हुकलं तर पुन्हा संधी नव्हती. सरांनी पुण्याचा एक इंजिनिअर हेरून ठेवला होता.

डबीला जोडलेल्या मोजयंत्राच्या पडद्यावरचे शेवटचे आकडे पळत होते. २.६१. २.१८. २.४४.

“मीच कूलर फिराई दिन्हा ना अक्का,” दारातून शिपाई झुलालभाऊ म्हणाले. माणूस एरंडोलकडचा, गुराला सावली दिल्याशिवाय स्वतः सावलीत न बसणारा. “यंत्रले बी ऊन लागस. म्हनीसन हवा तिकडे करी.”

“याला ऊन नाही लागत भाऊ. याच्या आत बारीकशी भट्टी आहे, पंच्याहत्तर अंशांची. तिच्या उबेत हा शांत राहतो. त्याला झुळूक सोसत नाही, आणि कूलर कुठंही वळवला तरी एवढ्याशा खोलीत ती पोचतेच.”

“बाळंतीनसारखं शे मंग!”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी लगेच भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट केलं. “खोली आत्ता बत्तीसवर आहे, तीही कूलरच्या कृपेनं. पस्तीसच्या वर गेली तर चाचणी रद्द. नियम आहे. तुम्हाला किती वेळ हवा?”

“एक तास.”

“तासाभरात पस्तीस होईल, शिल्पाताई.”

“कशाला उगाच?” सर म्हणाले. “आत्ताच दहा वेळा वाचा, बेरीज करा, दहानं भागा. विषय संपला.”

“सर, हलत्या पाळण्यातल्या पोराची कुणी उंची मोजतं का?”

एवढं बोलून ती स्वतःच उठली आणि बटण खाली केलं. कूलरचा घरघराट थांबला. उन्हाचं ओझं खोलीत येऊन बसलं. झुलालभाऊ बाहेर गेले.

तेहेतीस. साडेतेहेतीस.

शिल्पा डबीसमोर बसून राहिली. तिची आई नशिराबादला पहाटे जातं ओढायची. पहिल्या फेऱ्यांना खुंटा अडायचा, पीठ कुठं जाड पडायचं, कुठं बारीक. आई तेव्हा मुकी असायची. हाताला ऊब आली, दगडाला दगड सरावला, की मग तिच्या ओठांवर ओवी यायची. घाईनं ओवी येत नाही, हे शिल्पाला तेव्हाच कळलं होतं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

चौतीस.

सरांनी रुमाल पिळला. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात वरून आवाज आला. पाणी ओतल्याचा. पुन्हा ओतल्याचा. झुलालभाऊंनी गोदामातली सगळी गोणपाटं गच्चीवर अंथरली होती आणि भर दुपारी बादलीमागून बादली रिकामी करत होते.

काटा साडेचौतीसला आला. किंचित वर सरकला आणि तिथंच अडून राहिला.

पडद्यावरचं पळणं मंदावत गेलं. २.३७. २.३५. मग २.३३. मग २.३३. पुन्हा २.३३.

शिल्पानं पेन्सिल उचलली. दहा वाचनं घेतली, एकाही आकड्याला खाडाखोड नाही. खाली उत्तर लिहिलं, वही मॅडमकडे सरकवली आणि मांडीवरचे हात एकमेकांत धरून बसली.

पाकीट फाडल्याचा आवाज झाला. मॅडमनी कागद उलगडला, तिच्या वहीशेजारी ठेवला.

२.३१.

“दोन शतांश,” त्या म्हणाल्या. “दोनच!” मग सरांकडे वळल्या. “इतकी वर्षं सही कोण करत होतं हो इथं?”

सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “येत-जात होते कुणीकुणी.” मग वळले, चष्मा पुसला आणि सगळ्यांदेखत हात जोडले. “शिल्पाताई, पाळण्याचं बरोबर होतं तुमचं.”

“व्हयनं का अक्का?” जिन्यात नखशिखांत भिजलेले झुलालभाऊ उभे होते.

“झालं भाऊ!”

“जमनं!” ते इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या वर्कशॉपमधले दोघं-तिघं धावत आले. बातमी कळल्यावर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांना नीट समजलं नव्हतं.

संध्याकाळी तिनं पहिल्या दाखल्यावर सही केली. धुळ्याच्या एका कॉलेजचा ऑसिलेटर होता. त्याच्यावर नखाएवढी चिठ्ठी चिकटवायची होती. आद्याक्षरं पुरली असती. तिनं पूर्ण नाव लिहिलं, शिल्पा यादव मोरे. शेवटची अक्षरं दाटीवाटीनं बसली, पण बसली.

बसस्थानकावर धुळ्याची गाडी आधी सुटली. ऑसिलेटरचं पार्सल तिच्यातच होतं. ती गाडी मावळतीकडे वळेपर्यंत शिल्पा उभी राहिली. मग उगवतीकडच्या गाडीत चढली, खिडकीजवळ जागा मिळाली. कंडक्टरनं विचारलं, “कुठं?”

“नशिराबाद,” ती म्हणाली, आणि पदराच्या टोकानं बोटावरची शाई पुसता पुसता थांबली. राहू दिली.