चौकटीवरची धूळ

आमच्या कार्यालयात मला सासूबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण कान शाबूत आहेत माझे. आणि खरं सांगायचं तर नाव ठेवणाऱ्याचं फारसं चुकलेलंही नाही. मी लोकांच्या दारात जाऊन उभी राहते, हातमोजे चढवते आणि त्यांच्या कपाटावरून, टेबलाखालून, खिडकीच्या खाचेतून फडकं फिरवते. मग पिशवीत भरून घेऊन जाते. फरक इतकाच की सासूला लगेच बोलून मोकळं होता येतं, मला निकाल येईपर्यंत तोंड बंद ठेवावं लागतं. माझ्यासारखीला ही शिक्षाच आहे.

काम काय, तर पुष्कळ देशांनी मिळून एक करार केलाय. युरेनियम आम्ही विजेसाठी वापरू, औषधासाठी वापरू, अभ्यासासाठी वापरू, पण बॉम्ब करणार नाही. आणि शब्द पाळतोय की नाही ते बाहेरच्या माणसांनी येऊन खुशाल बघावं. ती बाहेरची माणसं म्हणजे आम्ही. जिथे युरेनियम आहे तिथे जायचं, मोजायचं, कॅमेरे बसवायचे, सील लावायची आणि धूळ टिपायची. धूळ कशाला? तर बॉम्बसाठी युरेनियम वेगळ्या तऱ्हेने तयार करावं लागतं, आणि तसला उद्योग एखाद्या खोलीत कधी झाला असेल तर त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण तिथे कुठेतरी बसून राहतात. वर्षानुवर्षं. पांढऱ्या सुती फडक्याने ते उचलायचे, एका पिशवीत घालायचे, ती दुसऱ्या पिशवीत, वर सील, आणि लांबच्या प्रयोगशाळेत पाठवून द्यायचं. यात शौर्य वगैरे काही नाही. गुडघे मात्र दुखतात.

कामातल्या माझ्या जोडीदाराला खांब म्हणतात, त्याच्या उंचीवरून. निवृत्तीला आलाय आणि फार बोलत नाही, म्हणून आमचं जमतं.

तर आम्ही दोघं एका लहानशा संशोधन संस्थेत गेलो होतो. तळमजल्यावर, जिन्याच्या पलीकडे एक खोली होती. तिथे पूर्वी युरेनियमच्या भुकटीवर प्रयोग चालायचे. खाणीतून निघतं तसं साधंच युरेनियम, असं त्यांनी लिहून दिलेलं होतं. मग प्रयोग थांबले, खोली तपासून सुरक्षित ठरवली आणि तिच्यात जुन्या खुर्च्या जाऊन बसल्या. आम्ही फक्त खात्री करायला आलो होतो. किरकोळ काम. जेवणाच्या आत आटपेल असं मी खांबाला म्हटलंसुद्धा होतं.

दार उघडलं आणि साबणाचा वास आला.

फरशी लख्ख. खिडक्यांच्या काचा आहेत की नाहीत ते कळू नये इतक्या स्वच्छ. कपाटं हलवून मागची भिंत पुसलेली, खुर्च्या एका रांगेत, टेबलावर फुलदाणी. मी उंबऱ्यातच थांबले. दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं, पण आमच्या धंद्यात घाणेरडी खोली बघून कुणी घाबरत नाही. ज्याला काही लपवायचं असतं तो आधी खोली धुतो.

"ताजी फुलं आहेत," खांब म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच झालं.

मागून संस्थेचे संचालक आले. हसतमुख गृहस्थ. "कशी काय वाटली खोली?"

"धुतली कुणी?"

"धुतली म्हणजे... जरा आवरली असेल."

"साहेब, इथली जुनी धूळ हाच तुमचा पुरावा होता. आता मी वर काय कळवू? खोली धुऊन ठेवली होती, असं?"

त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. धावत बाहेर गेले आणि सफाईच्या मावशींना घेऊन आले. पन्नाशीच्या बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आपल्याला शाबासकी द्यायला बोलावलंय, अशा समजुतीने आल्या होत्या बिचाऱ्या.

"आवडली ना मॅडम? साहेब म्हणाले, बाहेरून पाहुणे येणारेत, खोली बघण्यासारखी करा. म्हटलं, करूनच दाखवते."

"फडकी कुठे आहेत? बादलीतलं पाणी?"

"टाकलं की. घाण पाणी कोण जपून ठेवतं?"

"मी धुवायला सांगितलं नव्हतं!" संचालक ओरडले. "मॅडम, ही सगळी हिची चूक आहे, तसं लिहून घ्या. हिला मी आजच्या आज कामावरून काढतो."

मावशींचा चेहरा उतरला. "माझं काय चुकलं साहेब? घरात कमावणारी मी एकटी आहे."

आता मात्र माझं डोकं फिरलं. "काढा ना," मी म्हटलं. "अवश्य काढा. मग मी अहवालात लिहिते की आधी खोली धुतली आणि मग जिने धुतली तिलाही घालवून दिलं. वाचायला कसं वाटेल ते तुम्हीच बघा. निकाल येईपर्यंत या बाई कुठेही जाणार नाहीत."

संचालकांनी लगेच माघार घेतली. पण मला माहीत होतं, हे निकालापर्यंतच. फडक्यांत जुनी धूळच सापडली नाही तर संशय तसाच राहणार, वरून विचारणा होणार आणि शेवटी कुणाचा तरी बळी द्यावा लागणार. तो कुणाचा असेल हे सांगायला ज्योतिषी नको.

मावशींवर माझा पूर्ण विश्वास बसला होता. पण नुसता विश्वास ठेवून भागलं असतं तर करार कशाला केला असता?

"मावशी, इकडे या," मी म्हटलं. "नीट आठवा. कुठे पुसायचं राहिलंय? एखादा कोपरा, एखादी फट? जुनी धूळ सापडली तर ती तुमच्या बाजूने बोलेल. इथे काही वाईट झालं नव्हतं हे तिच्यावरूनच कळेल."

"राहिलंय? माझ्याकडून?" त्या ताठ झाल्या. "इतकी वर्षं काम करतेय, कुणी बोट दाखवलं नाही अजून."

"अहो, तुमच्या नोकरीसाठी विचारतेय मी!"

"म्हणून काय खोटं सांगू? नाही राहिलं कुठे."

कपाळाला हात लावावासा वाटला, पण हातमोजे होते. आम्ही फरशीच्या सांध्यांतून, नळाच्या मागून, टेबलाच्या खालच्या कडेवरून फडकी फिरवली. पांढरी गेली, पांढरी आली. साबणाचा वास घेऊन.

आणि मग मला आई आठवली. पाहुणे येणार म्हटलं की माझी आई घर डोक्यावर घेते. पडदे धुते, दिव्यांच्या काचा पुसते, आम्हाला श्वास घ्यायची चोरी. एकदा दिवा दुरुस्त करायला आलेल्या माणसाने आधारासाठी दाराच्या चौकटीवर हात टेकला आणि खाली घेतला तो काळा. त्याने नुसता हात झटकला. आई त्या दिवशी जेवली नाही. तिचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता आणि खालून ते दिसत नव्हतं, एवढंच तिचं चुकलं होतं.

मावशी उंचीला आईएवढ्याच होत्या. मी दाराकडे बघितलं. आपण आता या बाईचं काय करणार आहोत, ते मला नीट कळत होतं.

"खांबा," मी म्हटलं, "चौकटीच्या वर."

त्याने नवे हातमोजे घातले, नवं फडकं काढलं आणि टाचाही न उचलता वरच्या पट्टीवरून फिरवलं. फडकं खाली आलं ते काळंभोर.

संचालकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चक्क टाळी वाजवली. खांबसुद्धा हसला. मावशी मात्र त्या फडक्याकडे बघतच राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शी," त्या म्हणाल्या. "आणि तेही साहेबांसमोर."

"मावशी, ही धूळ तुम्हाला वाचवणार आहे."

"वाचवेल हो. पण बघितली ना सगळ्यांनी."

मला फार वाईट वाटलं. त्यांचा हात धरावा असं मनात आलं, पण नमुने घेताना कुणाला शिवायचं नसतं. मी फडकं पिशवीत घातलं, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि सील लावलं.

काही महिन्यांनी निकाल आला. साधं युरेनियम, त्यांनी लिहून दिलं होतं तसंच. दुसरं काहीही नाही. संशय मिटला, संस्थेला तसं पत्र गेलं आणि मावशींची नोकरी टिकली. मी ते आईला फोनवर सांगितलं, नावगाव न घेता. आई म्हणाली, "नोकरी टिकली ते बरं झालं. पण त्या बाईला झोप लागली नसेल गं."

पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जायचं आलं. संचालक फाटकापाशीच उभे. "या वेळी कुणी काही पुसलेलं नाही! सक्त ताकीद दिलीय. किल्ली मावशींकडे आहे, त्या कुणाला फिरकू देत नाहीत."

मावशींनी कुलूप काढलं. टेबलावर धुळीचा थर, कोपऱ्यात जाळी, आणि फुलदाणीत गेल्या वर्षीची तीच फुलं, वाळून काड्या झालेली.

"माफ करा हं मॅडम," मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या. "काय ही दशा! साहेब हात लावू देत नाहीत."

"उत्तम आहे."

"उत्तम कसलं! इथून जाताना मी डोळे मिटून जाते."

खांबाने फडकं काढलं आणि सरळ दाराची चौकट गाठली. वरून फिरवलं, खाली घेतलं, उलटसुलट करून बघितलं. पांढरंशुभ्र. त्याने ते माझ्यापुढे धरलं. मी मावशींकडे वळले. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, काचेतून काहीही दिसत नसताना.

"मावशी."

"तेवढंच," त्या म्हणाल्या. "बाकी कशाला बोट लावलं नाही, शपथ! पण तुम्ही आलात की पहिलं तिथेच बघणार, हे ठाऊक होतं मला."

ओरडावं असं फार वाटलं. नियमाने ओरडायलाच हवं होतं. मी नोंद केली: दाराची चौकट अलीकडे पुसलेली आहे, कारण समजले, बाकी खोली जशीच्या तशी. नमुने दुसरीकडून भरपूर मिळाले. सगळी सील लागली तेव्हा मी हातमोजे काढले आणि संचालकांना आत बोलावलं.

"साहेब, ही चौकट बघा," मी मोठ्याने म्हटलं. "मी इतके देश फिरले, पण इतकी स्वच्छ चौकट कुठे बघितली नाही."

संचालकांना काही समजलं नाही, पण त्यांनी वर बघून मान डोलावली. मावशींनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या आणि मनगटावर नीट केल्या.

"स्टूल आणावं लागलं," त्या म्हणाल्या.